झोप, पाळी आणि थकवा: कामावरच्या माणसांचे नेहमीचे प्रश्न

पाळ्यांमध्ये काम करणारे, पाळ्या लावणारे आणि रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर बसणारे, अशा सगळ्यांसाठी हे प्रश्न घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत: दमलेल्या माणसाला आपण किती दमलोय हे नीट कळत नाही. त्यामुळे थकव्याचा बंदोबस्त माणूस ताजा असतानाच करून ठेवावा लागतो. ऐन वेळी "होतंय का बघू" म्हणून चालत नाही.

रोज किती झोप हवी?

बहुतेक प्रौढांना ७ ते ९ तास. पासष्टीनंतर ७ ते ८. हे प्रत्यक्ष झोपेचे तास आहेत, अंथरुणावर पडून मोबाइल बघण्याचे नाहीत. ७ तास झोपायचं असेल तर अंथरुणाला पाठ निदान साडेसात तास टेकलेली हवी.

तुमचा स्वतःचा आकडा काढायचा असेल तर लांब सुट्टीत पाहा. पहिले तीन-चार दिवस जुनी थकबाकी फिटते, तेव्हाचे तास मोजू नका. त्यानंतर गजर न लावता जेवढी झोप होते, तो तुमचा आकडा.

मला पाच तास पुरतात. वर्षानुवर्षं असंच चाललंय. मग काय हरकत आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा मनापासून विचारत असतो. त्याला खरंच ठीक वाटत असतं.

२००३ मध्ये हान्स व्हॅन डोंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांचे गट करून त्यांना १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास झोपू दिलं. पडद्यावर खूण दिसली की लगेच बटण दाबायचं, अशा चाचण्या दिवसभर घेतल्या. ८ तासवाले जवळजवळ होते तसे राहिले. ६ तास आणि त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी रोज थोडी थोडी उतरत गेली आणि १४ दिवसांच्या शेवटी, एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाची असते तिथवर पोचली. मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. "किती झोप येतेय?" असं विचारलं तेव्हा या लोकांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. चाचणीतल्या चुका वाढत होत्या आणि ते मात्र "सवय झाली" असं समजत होते.

सवय होते ती थकल्यासारखं वाटण्याची. चुकांचं प्रमाण त्यामुळे कमी होत नाही. कमी झोपेवर खरोखर ताजी राहणारी माणसं असतात, त्यांच्या जनुकांतच तसा बदल असतो. पण ती फारच थोडी. बसल्या जागी तुमचा डोळा लागत असेल किंवा सुट्टीच्या दिवशी तुम्ही दुपारपर्यंत झोपत असाल, तर तुम्ही त्यांच्यातले नाही.

थकवा आणि झोप येणं एकच का?

नाही. ओझी उचलून अंग मोडून आलं तर बसल्यावर बरं वाटतं. चार तास हिशेब तपासून डोकं शिणलं तर कामात बदल केल्यावर हुशारी येते. झोपमोडीचा थकवा मात्र झोपेशिवाय कशानेही जात नाही. विश्रांती म्हणून खुर्चीत बसवलं तर असा माणूस उलट लवकर पेंगायला लागतो. त्यामुळे कुणी "दमलोय" म्हणाला तर पहिला प्रश्न हाच: काल किती झोपलात?

झोप नेमकी कशावर ठरते?

दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे तुम्ही किती वेळ जागे आहात. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढत जातो. झोपलं की तो उतरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. तो डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून दिवस-रात्र ओळखतो आणि अंगाचं तापमान, संप्रेरकं, पचन, तरतरी यांच्या वेळा लावतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पाळीतल्या माणसाने लक्षात ठेवायचं ते एवढंच, की घड्याळ दिवसाला साधारण एका तासानेच सरकतं आणि रोजचा सूर्यप्रकाश त्याला पुन्हा मूळ जागी ओढतो. आठवडाभर नाइट केली म्हणून शरीर रात्रीचं होत नाही. रात्रपाळीत ज्याला झोप अनावर होते तो आळशी नसतो. त्याच्या शरीरात त्या वेळी रात्रच चालू असते.

पहाटे तीन ते पाच एवढं जड का जातं?

कारण त्या वेळी दोन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. जागून बराच वेळ झालेला असतो आणि घड्याळही तळाशी असतं. अंगाचं तापमान सर्वांत खाली उतरतं ते याच सुमारास. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान दुसरा, छोटा उतार येतो. जेवणाने तो वाढतो, पण न जेवताही येतोच.

एखाद्या नाइटचं लॉगबुक उघडून पाहा. रात्री अकराच्या ओळीत अक्षर सुटं आणि ठसठशीत असतं. तीनच्या ओळीपासून ते कलायला लागतं. ७४ च्या जागी ४७ पडतात. वरच्या ओळीतला आकडा तसाच खाली उतरतो. कुठे पेनाची रेघ अक्षर सोडून खाली घसरत गेलेली असते, म्हणजे तिथे दोन-तीन सेकंद डोळा लागलेला असतो. ज्याने लिहिलं त्याला सकाळी विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो की मी प्रत्येक मीटर बघितला. बघितला असेलही, पण काटा डोळ्यांपुढून गेला आणि आकडा डोक्यात शिरलाच नाही.

थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रातला अपघात २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारच्या सुमाराला सुरू झाला. एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज २४ मार्च १९८९ ला मध्यरात्रीनंतर लगेच खडकावर चढलं, आणि त्याच्या चौकशीत जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्याचा थकवा आणि कामाचा बोजा ही कारणं नोंदली गेली. अशा घटनांना एकच कारण कधीच नसतं, पण म्हणून घड्याळातली वेळ हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

रात्रपाळीत धोका किती वाढतो? काही आकडे आहेत का?

आहेत. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी २००३ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांतली आकडेवारी एकत्र मांडली. सकाळच्या पाळीच्या तुलनेत अपघाताचा धोका दुपारच्या पाळीत सुमारे १८ टक्क्यांनी आणि रात्रपाळीत सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळला. सलग रात्रींमध्ये तो चढत गेला. पहिल्या रात्रीच्या तुलनेत दुसऱ्या रात्री ६ टक्के, तिसऱ्या रात्री १७ टक्के आणि चौथ्या रात्री ३६ टक्के जास्त. आठ तासांऐवजी बारा तासांची पाळी केली तर तो चतुर्थांशाहून जास्त वाढतो.

रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, लावणाऱ्याने चौथ्या रात्रीचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

सलग डबल शिफ्ट केली तर काय बिघडतं? एखाद्या वेळी करावीच लागते.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये जागरण आणि दारू यांची थेट तुलना केली. १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका बिघडलेला होता. २४ तासांनंतर तो ०.१० टक्क्यांइतका बिघडला. कित्येक देशांत ०.०५ ला गाडी चालवणं गुन्हा आहे.

आता हिशेब करा. सकाळी सहाला उठलेला माणूस सातला कामावर येतो. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून त्याला अकरापर्यंत थांबवलं, की त्याचे १७ तास भरतात. प्यालेल्या माणसाला आपण मशीनपाशी उभं करत नाही. याला मात्र "आजचा दिवस सांभाळून घे" म्हणतो आणि वर त्याचं कौतुकही करतो. माझ्या मते हे थांबायला हवं. डबल टाळता येत नसेल तर निदान उरलेल्या तासांत त्याला उंचीवरचं, वीजवाहिनीवरचं, क्रेनचं किंवा गाडीचं काम देऊ नये.

चहा-कॉफीने भागत नाही का?

तात्पुरतं भागतं. ॲडेनोसिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा कॅफिन अडवून धरतं, म्हणून झोपेचा दाब जाणवत नाही. तो असतोच, फक्त कळत नाही. असर यायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि अर्धं कॅफिन शरीराबाहेर जायला साधारण पाच तास, काहींना त्याहून बराच जास्त वेळ. झोपायच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही झोप तासाभराहून जास्त घटते, असं एका प्रयोगात दिसलं आहे. ४०० मिलिग्रॅम म्हणजे कॉफीचे चार-एक कप.

म्हणून पाळीच्या पहिल्या अर्ध्यात थोडं थोडं घ्या आणि शेवटचे चार-पाच तास बंद ठेवा. पहाटे पाचला घेतलेला कप सकाळी नऊला झोपू देत नाही.

कामाच्या मध्ये डुलकी काढली तर चालेल का?

परवानगी आणि जागा असेल तर जरूर काढा. रात्रपाळीत याच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. नासाच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली. त्यात त्यांना सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि पुढच्या प्रवासात ते जास्त सावध राहिले. ज्यांना विश्रांती दिली नव्हती त्यांच्या मेंदूत, विमान खाली उतरत असतानाही, काही सेकंदांच्या डुलक्या नोंदल्या गेल्या.

पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावा. जास्त वेळ झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं सुन्न राहतं. ही गुंगी उतरायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात, कधी जास्तही, म्हणून उठल्याउठल्या व्हॉल्व्हला किंवा स्टिअरिंगला हात लावू नका. कॉफी पिऊन लगेच आडवं होणं हीही चांगली युक्ती आहे. जाग येते तेव्हाच कॉफीचा असर सुरू होतो.

जी डुलकी ठरवून घेऊ दिली जात नाही, ती माणूस चोरून किंवा नकळत घेतो, आणि तीही चालू मशीनसमोर.

नाइट करून आल्यावर दिवसा झोपच लागत नाही. काय करू?

दिवसाची झोप रात्रीपेक्षा एक-दोन तासांनी तरी तोकडी पडते, कारण घड्याळ उठवायला लागलेलं असतं. ती पूर्ण रात्रीसारखी होणार नाही, पण बरीच सुधारता येते.

सुरुवात घरी जातानाच होते. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की घड्याळाला "दिवस उजाडला" असा निरोप जातो. गडद चष्मा लावा, मात्र स्वतः गाडी चालवत असाल आणि पेंग येत असेल तर नको. घरी पोचल्यावर कामं काढून बसू नका. हलकं काहीतरी खा आणि तासाभरात झोपा. खोलीत पूर्ण अंधार हवा, पडद्याच्या फटीतून येणारी तिरीपही पुरेशी त्रासदायक असते. डोळ्यांवर पट्टी बांधा. कानांत बोळे घाला, पंख्याचा एकसारखा आवाजही चालतो. खोली थंड ठेवा. फोन बंद करा, निदान घरातलेच तेवढे पोचतील असा ठेवा.

सलग झोप होत नसेल तर दोन तुकडे करा. सकाळी पाच तास आणि पाळीला निघण्याआधी दीड-दोन तास. एकूण बेरीज महत्त्वाची. पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दीड तास झोपून जाल तर पहाट बरीच हलकी जाईल.

यात घरच्यांचा वाटा मोठा असतो. नाइटवाल्याची सकाळी दहाची झोप म्हणजे इतरांची रात्री दोनची झोप, हे घरात सगळ्यांना एकदा नीट बसून सांगा. रात्री दोनला आपण कुणाला किरकोळ कामासाठी उठवत नाही. आठवड्याच्या पाळ्या लिहून भिंतीवर लावल्या की रोज वाद घालावा लागत नाही. ज्या बायकांना नाइट करून आल्यावर स्वयंपाक आणि मुलांची शाळा गाठावी लागते, त्यांच्या झोपेचा प्रश्न पडद्याने सुटत नाही. तिथे घरातली कामं वाटून घ्यावी लागतात.

पाळी संपल्यावर गाडी चालवत घरी जाताना डोळे मिटतात. खिडकी उघडून, गाणी लावून जमवतो.

कृपा करून जमवू नका. वारा आणि गाणी यांचा उपयोग फार थोडा वेळ होतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी सुमारे ९० मीटर चालकाविना जाते. गेले दोन-तीन किलोमीटर कसे आलो ते आठवत नसेल, गाडी लेन सोडत असेल, जांभया थांबत नसतील, तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवा आणि वीस मिनिटं झोपा. जमल्यास कंपनीच्या बसने जा, किंवा निघण्याआधी कामाच्या ठिकाणीच थोडं झोपून घ्या. बारा तासांच्या किंवा डबल शिफ्टनंतर घरी सोडण्याची सोय कंपनीने करायला हवी. ही मेहेरबानी नाही, सुरक्षेचाच भाग आहे.

पाळ्या कशा फिरवाव्यात?

सकाळ, मग दुपार, मग रात्र, अशा पुढच्या दिशेने. शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. सलग नाइट दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. दोन पाळ्यांमध्ये निदान ११ तासांचं अंतर हवं, युरोपीय संघाच्या नियमात तेवढंच आहे. दुपारची पाळी रात्री अकराला संपवून सकाळी सातला पुन्हा बोलावलं तर येणं-जाणं, जेवण, अंघोळ वजा जाता जेमतेम पाच तास हातात राहतात. नाइटचा फेरा संपल्यावर दोन पूर्ण रात्री घरी मिळाल्या पाहिजेत. ज्या दिवशी सकाळी सातला नाइट संपते, तो दिवस वीकली ऑफ म्हणून मोजू नका.

पहाटे सहाच्या आधी सुरू होणारी पाळीही दिसते तितकी सोपी नसते. माणूस चारला उठतो, पण आदल्या रात्री आठला त्याला झोप येत नाही.

सुट्टीच्या दिवशी झोपून भरपाई होते का?

थोडी. लांबली झोप पहिल्या दिवशी बरं वाटायला लावते, पण आठवडाभराची घसरण एका दिवसात भरून येत नाही. दुपारपर्यंत झोपलात तर त्या रात्री झोप लागत नाही आणि नवा आठवडा पुन्हा जागरणाने सुरू होतो. तास-दीड तास जास्त झोपा, हवं तर दुपारी थोडं पडा.

माझी नाइट नसते, ऑफिसचं काम आहे. तरी सकाळी उठवत नाही.

बहुतेक वेळा शेवटचा मेल हे कारण असतं. रात्री साडेअकराला वरिष्ठांचा मेसेज वाचला की उत्तर दिलं नाही तरी डोकं कामाला लागतं. स्क्रीनचा उजेड हा त्यातला एक भाग, मजकूर हा दुसरा, आणि मला दुसरा जास्त जड वाटतो. झोपण्याआधी एक तास कामाचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उद्याची कामं संध्याकाळीच कागदावर उतरवून ठेवा. वरिष्ठांनी रात्री लिहिलेला मेल सकाळी जाईल असा लावून ठेवावा, म्हणजे खालच्या दहाजणांची झोप वाचते.

अंथरुणावर तासन्तास तळमळतो. काय उपाय?

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी शांतपणे करा आणि पेंग आली की परत या. घड्याळ बघू नका. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असं चाललं तर तो निद्रानाश आहे, आणि त्यावर पहिला उपचार गोळ्यांचा नाही. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची भीती बदलणारी, काही आठवड्यांची ठरावीक उपचारपद्धती आहे. झोपेच्या किंवा मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

दारू पिऊन डोळा लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते. दुकानातून मनाने आणलेल्या गोळ्याही नकोत. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनीसुद्धा दुसऱ्या दिवशी पेंग राहते.

आठ तास झोपूनही दिवसभर थकवा असतो.

मग डॉक्टरांकडे जा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून जाग येणं, सकाळी डोकं दुखणं असं असेल तर झोपेत श्वास थांबण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया असू शकतो. श्वास थांबतो हे स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं, म्हणून त्याला विचारा. यावर उपचार आहेत आणि ते घेतल्यावर माणसात चांगलाच फरक पडतो. रक्त कमी असणं, थायरॉइड, मधुमेह, नैराश्य आणि चालू औषधं हीही तपासण्यासारखी कारणं आहेत.

माणूस कामाला लावण्याइतका ताजा आहे का, हे सुपरवायझरने कसं ठरवायचं?

"बरा आहेस ना?" असं विचारू नका. उत्तर "हो"च येणार, आणि त्याला तसं खरंच वाटत असणार. आकडे विचारा. गेल्या २४ तासांत किती झोप? गेल्या ४८ तासांत किती? आणि पाळी संपेल तेव्हा जागून किती तास झालेले असतील? डॉसन आणि त्यांचे सहकारी यांनी सुचवलेला एक ढोबळ हिशेब कामाला येतो. २४ तासांत ५ तासांपेक्षा किंवा ४८ तासांत १२ तासांपेक्षा कमी झोप असेल तर काळजी घ्यायची. तसंच पाळी संपेपर्यंतचे जागे तास गेल्या ४८ तासांतल्या झोपेपेक्षा जास्त होत असतील तरीही. हा किमान पल्ला आहे, एवढी झोप पुरेशी असा त्याचा अर्थ नाही.

पाळी चालू असताना कानांवर आणि डोळ्यांवर लक्ष ठेवा. वॉकीटॉकीवर दुसऱ्यांदा हाक मारावी लागते, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, एरवी शांत असणारा चिडतो, बोलका गप्प होतो. पहाटे एकट्याला ठेवू नका, जोडीदार द्या. किचकट दुरुस्ती, व्हॉल्व्ह बदलणं, मोठं आयसोलेशन (यंत्राचा पुरवठा पूर्ण तोडून ठेवणं) अशी कामं तीन ते पाचमध्ये लावू नका. लावावी लागलीच तर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुणी स्वतःहून सांगितलं, "झोप झाली नाही", तर? आणि माणसंच कमी असतील तर?

पहिल्या माणसाला काय वागणूक मिळते ते सगळे बघत असतात. त्याचा पगार कापला, चारचौघांत बोललात, तर दुसरा कुणी सांगणार नाही, आणि तुम्हाला थकवा कळेल तो अपघातानंतरच. आधी त्याचे आभार माना. मग त्याचं काम बदला, जमिनीवरचं, तपासणीचं किंवा कागदाचं द्या, वीस मिनिटं झोपू द्या, आणि घरी पाठवायचं ठरलं तर त्याला गाडी चालवू देऊ नका. कारण बाळाचं रडणं असेल, आजारी आई असेल किंवा सलग चौथी नाइट असेल, ते लिहून ठेवा. महिन्याअखेर त्या नोंदी एकत्र पाहिल्या की थकवा माणसांमुळे आहे की रोस्टरमुळे, ते दिसतं.

माणसं कमी असतील तर सगळ्या जागा एकसारख्या धरू नका. एका चुकीने जीव जाईल अशी कामं कोणती, त्यांची यादी करा आणि राखीव माणूस आधी त्या जागांसाठी ठेवा. तोही नसेल तर त्या पाळीत ते काम होणार नाही, असं आधीच लेखी ठरवा आणि त्यावर वरिष्ठांची सही घ्या. म्हणजे पहाटे चारला हा निर्णय एकट्या सुपरवायझरच्या गळ्यात पडत नाही.